साडेसाती किती उरली, दशा कुठली, आणि तोवर करायचं काय?

ग्रहांच्या फेऱ्या आणि अस्थिर दिवस या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांची उत्तरं या अंकात दिली आहेत. तारखा चित्रापक्षीय, म्हणजे लाहिरी अयनांशाच्या आहेत. (अयनांश म्हणजे राशीचक्राचा आरंभ कुठून धरायचा ते ठरवणारं अंतर.) तुमच्या घरच्या पंचांगात एखाद्या दिवसाचा फरक दिसला तर गोंधळू नये.

प्रश्न : माझी रास कुंभ. कंपनीने आमचा विभागच बंद केला, तीन महिने घरी आहे. घराचं कर्ज चालू आहे. कुणी म्हणतं साडेसाती २०२५ मध्ये संपली, कुणी म्हणतं २०२८ पर्यंत आहे. एकांनी ४५ हजारांचा नीलम घालायला सांगितला आहे. घालू का? (कांजूरमार्ग)

आधी रास नक्की करा. साडेसाती मोजतात ती जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता, त्या राशीवरून. इंग्रजी तारखेवरून वर्तमानपत्रात जी रास पाहतात ती सूर्याची. तिचा इथे काही संबंध नाही. नावाचं पहिलं अक्षर ‘ग’ किंवा ‘स’ म्हणून कुंभ धरली असेल तर तीही नावरास झाली. बारशाला नाव आवडीने ठेवलेलं असेल, तर नावरास आणि जन्मरास वेगळी निघण्याचीच शक्यता जास्त. साडेसातीला घाबरलेल्या पुष्कळ लोकांची साडेसाती या पहिल्या पायरीवरच संपते.

शनी जन्मराशीच्या मागच्या राशीत, खुद्द जन्मराशीत आणि पुढच्या राशीत असतो तो काळ म्हणजे साडेसाती. त्यातली एकेका राशीतली सुमारे अडीच वर्षं म्हणजे अडीचकी. जन्मरास खरोखर कुंभ असेल तर हिशेब असा. शनी मकरेत आला २४ जानेवारी २०२० ला, तिथे तुमची पहिली अडीचकी सुरू झाली. १७ जानेवारी २०२३ ला तो कुंभेत स्थिरावला, ही दुसरी. २९ मार्च २०२५ ला मीनेत गेला, ही तिसरी. ३ जून २०२७ ला तो मेषेत जाईल, पण वक्री होऊन, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसून, २० ऑक्टोबर २०२७ ला पुन्हा मीनेत येईल आणि २३ फेब्रुवारी २०२८ ला कायमचा बाहेर पडेल. म्हणजे २०२८ सांगणारे बरोबर आहेत. २०२५ मध्ये सुटली ती मकर रास.

पण साडेसात वर्षं एकसारखी जड नसतात. शनी जन्मचंद्राच्या नेमक्या अंशावरून जातो तो काळ परंपरेने सगळ्यात कठीण मानला आहे. पत्रिकेत चंद्राचे अंश पाहा. समजा चंद्र कुंभेत १० अंशांवर आहे. शनी त्या अंशावरून तीनदा गेला : एप्रिल २०२३, वक्री होऊन ऑगस्ट २०२३, आणि पुन्हा जानेवारी २०२४. चंद्र ३ अंशांवर असेल तर फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदाच. तो टप्पा तुमच्या मागे पडला आहे.

तिसऱ्या अडीचकीत शनी चंद्राच्या दुसऱ्या स्थानी असतो. ते स्थान धनाचं, कुटुंबाचं आणि वाणीचं. परंपरेचा इशारा इथे सरळ कामाला लावता येतो : या काळात हातातला पैसा आणि घरातलं बोलणं, या दोन गोष्टी सांभाळायच्या.

पैशाचं आधी. एका कागदावर हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, औषधं आणि किराणा असे पाच आकडे लिहा. शिल्लक रकमेला त्यांच्या बेरजेने भागा. किती महिने निघतात ते घरातल्या सगळ्यांना सांगा. उत्तर सहापेक्षा कमी आलं तर याच आठवड्यात बँकेत जा. एकही हप्ता चुकलेला नसताना मुदत वाढवून मागणाऱ्याला बोलणी करायला जागा असते. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं अनुत्पादित ठरतं आणि दारं बंद होऊ लागतात. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर गेला असेल. घरापुरता वेगळा विमा लगेच घ्या, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ते दिवस विमा घेतल्यापासूनच मोजले जातात. फेब्रुवारी २०२८ पर्यंत कुणालाही जामीन राहू नका, मेहुण्यालासुद्धा.

बोलण्याचं म्हणाल तर पैशाचा विषय रात्री जेवताना काढू नका. रविवारी सकाळी अर्धा तास ठरवा, कागद समोर ठेवा, आणि बाकीचे सहा दिवस तो विषय बंद.

नीलम घालू नका. पगार थांबलेला असताना हप्त्याच्या पैशातून रत्न घेणं आम्हाला मान्य नाही, आणि शास्त्राच्या अंगानेही हा सल्ला अर्धवट आहे. नीलम रास बघून देत नाहीत, लग्न बघून देतात. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. वृषभ आणि तुळ लग्नाला शनी योगकारक, म्हणजे विशेष शुभ, इतर लग्नांना त्याचं स्वामित्व वेगळं. लग्न न विचारता रत्न सुचवणाऱ्याने पत्रिका पाहिलेलीच नाही. पुढे कधी ऐपतीने घ्यायचा झाला तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात दोन गोष्टी वाचा : खडा तापवून रंग आणला आहे का, आणि भेगांत काच भरली आहे का. काच भरलेल्या खड्याची किंमत फारच कमी असते.

प्रश्न : भविष्य जाणण्यापेक्षा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे झालं ते ग्रहांच्या फेऱ्यांतून समजून घ्यायचं आहे. घरच्या घरी कसं करावं? (मुलुंड)

प्रश्न फार चांगला आहे. असं विचारणारे थोडे, म्हणून सविस्तर लिहितो.

शंभर पानी वही घ्या. पहिल्या दिवशी फक्त घटना लिहायच्या : आयुष्यातले वीस जड प्रसंग, महिना आणि वर्षासह. आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, घर बदलणं, कोर्टकचेरी, परीक्षेतलं अपयश. तारखा आठवणीवर सोडू नका. दवाखान्याची फाइल, बँकेचं पासबुक, भाडेकरार, शाळेचा दाखला काढून ताडून घ्या. आठवणीतली तारीख वर्षभराने सहज सरकते. या दिवशी पंचांग उघडायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं : आधी साडेसातीची वर्षं पाहतात, मग त्या वर्षांत काय वाईट झालं ते शोधतात, आणि शोधलं की सापडतंच.

दुसऱ्या दिवशी फेऱ्या लिहा. शनीची एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची, गुरूची जवळजवळ बारा वर्षांची, राहू-केतूची १८ वर्षं ७ महिन्यांची. शनी जन्माच्या जागेपासून दर सात-साडेसात वर्षांनी काटकोनात, समोर किंवा परत जागेवर येतो : वय साधारण ७, १४-१५, २२, २९-३० आणि पुढे तसंच. साठीशांतीची कल्पना याच गणितात बसते. साठाव्या वर्षी शनीच्या दोन आणि गुरूच्या पाच फेऱ्या जवळजवळ एकाच वेळी पूर्ण होतात.

तिसऱ्या दिवशी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा आणि मोजा. आता महत्त्वाचं गणित. साडेसाती साडेएकोणतीस वर्षांतली साडेसात वर्षं व्यापते, म्हणजे पाव आयुष्य. वीसपैकी पाच प्रसंग तर नुसत्या काळाच्या हिशेबाने तिच्यात पडायलाच हवेत. अष्टम आणि चतुर्थ शनीच्या, म्हणजे शनी जन्मराशीपासून आठव्या आणि चौथ्या राशीत असतानाच्या, दोन अडीचक्या धरल्या तर साडेबारा वर्षं झाली. मग आठ-नऊ प्रसंग आपोआप येतात. तुमच्या वहीत साडेसातीत सहा प्रसंग निघाले तर त्यातून काही सिद्ध होत नाही. बारा-तेरा निघाले तर तुमच्यापुरती ती फेरी खूण म्हणून वापरा, आणि त्या प्रसंगांत समान काय होतं ते पाहा. दर वेळी आधी झोप गेली होती का? दर वेळी एकाच माणसाशी भांडण होतं का? कामाची गोष्ट ती आहे.

इतकं काटेकोर का? जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. निकाल नाणेफेकीपेक्षा बरा नव्हता. ज्योतिष सांगणाऱ्याने ही गोष्ट वाचकापासून लपवू नये असं आम्हाला वाटतं. फेऱ्यांचा उपयोग थांबून पाहण्याच्या तारखा ठरवण्यासाठी करा. त्यांतून घडणाऱ्या गोष्टींची यादी मिळत नाही.

प्रश्न : दोन ज्योतिषांनी दशा वेगळ्या सांगितल्या. एकाच्या मते शनीची महादशा सुरू झाली, दुसऱ्याच्या मते अजून दोन वर्षं गुरूची आहे. खरं कोण? (विलेपार्ले)

दोघांना दोनच प्रश्न विचारा : अयनांश कोणता, आणि वर्ष किती दिवसांचं धरलं.

विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याचे एकेका ग्रहाला वाटून दिलेले कालखंड, जन्माच्या वेळी चंद्राने नक्षत्राचा किती भाग ओलांडला यावर चालते. नक्षत्र ८०० कलांचं, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्र वृषभेत १५ अंशांवर असेल तर रोहिणीतल्या ३०० कला संपल्या, ५०० उरल्या. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याची दशा दहा वर्षांची. १० गुणिले ५०० भागिले ८००, म्हणजे जन्माच्या वेळी सव्वासहा वर्षं शिल्लक. आता अयनांश बदलला की चंद्र सरकतो. लाहिरी आणि रामन यांच्यात सुमारे दीड अंशाचा फरक आहे. जन्म राहूच्या नक्षत्रावरचा असेल तर त्या दीड अंशाने सगळ्या दशा सुमारे दोन वर्षं सरकतात. तुमच्या दोन ज्योतिषांतला फरक बहुधा हाच. टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष, म्हणजे आणखी वेगळा अयनांश, धरला तर अंतर चार अंशांच्या घरात जातं.

वर्षाचं असं : काही जण ३६० दिवसांचं सावन वर्ष धरतात, काही ३६५ दिवसांचं सौर. साठीला पोचेपर्यंत यातून दहा महिन्यांची तफावत पडते.

एक पद्धत निवडा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बदलू नका. सोयीची तारीख मिळेपर्यंत पद्धती बदलत राहिलात तर हाती काहीच लागत नाही.

प्रश्न : वडिलांचा जन्म गिरगावातला, फेब्रुवारी १९४४ चा मध्य. जुन्या वहीत ‘सकाळी ७ वा. १० मि.’ एवढंच आहे. हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं आहे. दशा पाहून तारीख ठरवायची म्हटलं, तर दोन कुंडल्यांत लग्नच वेगळं येतंय. (ठाकूरद्वार)

मुंबईतल्या जुन्या पत्रिकांचा हा ठरलेला घोळ आहे. देशात प्रमाणवेळ १९०६ पासून आली, तरी या शहरात ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शिवाय युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं एक तास पुढे होती. म्हणून तुमच्या ७.१० चे तीन अर्थ होतात : साध्या प्रमाणवेळेने ७.१०, मुंबई वेळ असेल तर ७.४९, आणि युद्धकाळाची वेळ असेल तर ६.१०. त्या दिवसांत मुंबईचा सूर्योदय सुमारे ७.०५ चा. ६.१० ला लग्न मकर येतं, बाकी दोन्ही वेळांना कुंभ.

कोणती वेळ ते कळायला मूळ पत्रिकेत ‘इष्टकाळ’ शोधा. तो सूर्योदयापासून घटी-पळांत मोजतात, घड्याळाशी त्याचा संबंध नाही. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, एक पळ म्हणजे २४ सेकंद. इष्टकाळ १ घटी ५० पळं असेल तर सूर्योदयानंतर ४४ मिनिटं, म्हणजे ७.४९, वहीतली वेळ मुंबई टाइम ठरली. १२ पळांच्या आसपास असेल तर ७.१०. ५७-५८ घटी असेल तर जन्म सूर्योदयापूर्वीचा, म्हणजे युद्धवेळ.

ऑपरेशनची तारीख मात्र या उत्तरासाठी थांबवू नका. हर्निया अडकला, दुखू लागला, उलट्या झाल्या तर ते तासांचं काम असतं. सर्जन ज्या तीन-चार तारखा देतील त्यांतली एखादी वडिलांच्या मनाला बरी वाटत असेल तर पंचांग पाहून तीच घ्या. सर्जनने न दिलेली तारीख पंचांगातून काढू नका.

प्रश्न : बुध वक्री असताना रिडेव्हलपमेंटच्या करारावर सही करू नये म्हणतात. बिल्डर घाई करतोय. (चेंबूर)

फास्ट लोकलमधून शेजारची स्लो गाडी पुढे जात असूनही मागे सरकल्यासारखी दिसते, तसंच वक्री ग्रहाचं. ग्रह आपली दिशा बदलत नाही. पृथ्वी आणि तो यांच्या वेगातल्या फरकाने तसं दिसतं. बुध वर्षातून तीनदा, कधी चारदा, साधारण तीन आठवडे वक्री असतो. शनी तर दर वर्षी साडेचार महिने असतो.

वक्रीचा पारंपरिक अर्थ ‘पुन्हा पाहणं’. तो अर्थ घ्या आणि ते तीन आठवडे करार वाचायला वापरा. चटईक्षेत्र जुनं किती, नवं किती, आणि ते कार्पेट आहे का. भाडं किती महिन्यांचं आगाऊ. काम रखडलं तर दंड काय. बँक गॅरंटी किती. काम सोडलं तर सोसायटीचा अधिकार कोणता. वकिलाला दाखवा. त्यातलं काही कोरं असेल तर बुध मार्गी, म्हणजे सरळ चालीचा, असतानाही सही करू नका.

प्रश्न : युद्धाच्या बातम्या, बाजार कोसळणं, नोकरकपात. मोठ्या ग्रहांच्या युतींतून जगाचं पुढचं कळतं का? एसआयपी थांबवू का? (बोरिवली)

गुरू-शनी युती दर वीस वर्षांनी होते : १९६१, १९८०-८१, २००० आणि २१ डिसेंबर २०२०. पुढची २०४० मध्ये. मेदिनी ज्योतिषात, म्हणजे देशांचं आणि जगाचं भविष्य पाहणाऱ्या शाखेत, या युतीला युग बदलण्याची खूण मानतात. पण शेवटच्या युतीकडे नीट पाहा. महामारी त्या वर्षाच्या मार्चमध्येच मुंबईच्या दारात आली होती, युती झाली डिसेंबरात. घटना घडल्यावर जवळची युती शोधून तिच्याशी गाठ मारणं सोपं असतं.

याहून मोठा धडा फेब्रुवारी १९६२ चा. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, ५ तारखेला सूर्यग्रहणही होतं. अष्टग्रहीने जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले. ते दिवस सरले आणि काही बुडालं नाही. त्या वर्षी चीनशी युद्ध झालं ते ऑक्टोबरात, आठ महिन्यांनी. ज्योतिष शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण पाठ करावं.

म्हणून एसआयपी ग्रहांवरून थांबवू नका, चालूही करू नका. तो पैसा पाच-सात वर्षं लागणार नसेल तर चालू द्या. मुलीची फी दोन वर्षांत भरायची असेल तर तेवढा भाग आत्ताच मुदत ठेवीत हलवा. गुरू साधारण वर्षाने रास बदलतो. त्या दिवशी गुंतवणुकीचा आढावा घ्यायची सवय लावा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला तो सिंहेत जातो, ज्यावर नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ ठरतो. तारीख लक्षात राहायला सोपी आहे. मधल्या बातम्यांनी पैसा हलवायचा नाही.

प्रश्न : आईची रास सिंह. अष्टम शनी आहे, जिवावर बेतेल असं कुणी सांगितल्यापासून तिची झोप उडाली आहे. शांतीला २१ हजार दिले, आता पुन्हा करायला सांगतात. (लालबाग)

शांती पुन्हा करू नका. अष्टम शनीवरून मृत्यू सांगणं शास्त्राला धरून नाही. आयुष्याचा विचार करताना लग्न, अष्टमेश (आठव्या स्थानाचा स्वामी), दशा असं बरंच पाहावं लागतं. नुसत्या गोचरीवरून, म्हणजे ग्रह सध्या कुठे आहे एवढ्यावरून, असं बोलणाऱ्याकडे परत जाऊ नये. आईंना एक हिशेब समजावून सांगा. बारा राशींपैकी तीन कायम साडेसातीत असतात आणि दोन चतुर्थ-अष्टमात. म्हणजे चाळीतल्या बारा बिऱ्हाडांतली पाच या ना त्या शनीत आहेत, आणि हे नेहमीच असतं. सध्या सिंहेबरोबर कुंभ, मीन, मेष आणि धनूही आहेत. आईंचा अष्टम शनी ३ जून २०२७ ला सुटतो, ऑक्टोबर २०२७ ते फेब्रुवारी २०२८ एक फेरा परत येतो, मग संपला.

उपासना करायची त्यांची इच्छा असेल तर मोडू नका. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ, घरी शनिमाहात्म्याचं वाचन. खर्च शंभर रुपयांच्या आत राहतो. देवळात सकाळी चालत न्या. उन्हात अर्धा तास चालणं झोपेलाही उपयोगी पडतं. दुपारी चारनंतर चहा नको. झोपण्याआधी तासभर मोबाइलवरचे राशिभविष्याचे व्हिडिओ बंद, आणि ज्या गटांतून ते येतात ते मूक करून ठेवा.

झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, ‘आता माझं काही खरं नाही’ असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत असतील, तर घरच्या डॉक्टरांकडे न्या आणि ज्योतिषाने काय सांगितलं तेही त्यांना सांगा. रक्तदाब, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. या वयात झोप जायला तीही कारणं असतात. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईंच्या वतीने तुम्हीही करू शकता.